गॅलरीतली लाल रेघ

रविवारी सकाळी दहा वाजता, येरवड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, कुसुम शेंडे यांनी ओल्या फडक्याने पुसलेली काळी पाटी पाळण्याखाली ठेवली. पाळण्यात पाच महिन्यांची नात झोपली होती. गॅलरीचं दार बंद होतं. दारापलीकडे त्यांचे पती सीताराम सागवानाच्या फळीवर घासायचं मशीन चालवत होते.

कुसुमताईंची अट साधी होती. सून चैतालीची बाळंतपणाची रजा आज संपत होती. उद्यापासून ती हडपसरच्या सॉफ्टवेअर कंपनीत, आणि नात दिवसभर आजी-आजोबांकडे. दोन तासांनी पाटीवर भुसा दिसला, तर गॅलरीतलं सुतारकाम बंद. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत सीतारामांनी एवढं एकच स्वतःसाठी सुरू केलं होतं.

तयारीत त्यांचा आठवडा गेला होता. मशीनला जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडली. दाराला आतून ओली चादर लावली. उंबऱ्याशी ऑइल पेंटने लाल रेघ मारली. अलीकडे घरातल्या चपला, पलीकडे कामाच्या. कामाचा सदरा पलीकडेच खुंटीला. हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बत्तीस वर्षं ते अशीच रेघ ओलांडून कामावर जात होते.

"रिटायर झालात, पण ड्युटी काही सुटली नाही," रेघ वाळत असताना कुसुमताई म्हणाल्या होत्या.

बारा वाजता मशीन थांबलं. सीतारामांनी तोंडावर बांधलेला रुमाल सोडला, कानापर्यंत गेलेल्या कल्लेदार मिशा झटकल्या, सदरा बदलला, चपला बदलल्या आणि रेघ ओलांडून आत आले. कुसुमताईंनी पाटी खिडकीशी नेली, तिरपी धरली, तिच्यावरून बोट फिरवलं. मग बोट चष्म्याजवळ नेलं.

"काय म्हणतेस?"

"स्वच्छ आहे."

"नीट बघ. मागाहून कुरकुर नको."

"दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं म्हणून मी जास्त कौतुक करणार नाही."

सीताराम हसले. हसता हसता त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. त्यांनी हातातला रुमाल तोंडाला लावला. खोलीच्या कोपऱ्यात चैताली उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली.

"बाबा, तो रुमाल बघू."

रुमालाच्या आतल्या बाजूला, नाकापाशी, सागवानी रंगाचे दोन डाग होते.

"त्यात काय बघायचं? धुतला की झालं."

"कारखान्यात ती रेघ कुणाला जपायला होती?"

हा प्रश्न त्यांना सोपा वाटला. "दारूगोळ्याला. चपलेतला एखादा खडा आत गेला, ठिणगी पडली, की सगळेच गेले."

"म्हणजे तिथे रेघेच्या पलीकडचं जपायचं होतं. इथे तुम्ही अलीकडचं सगळं घर जपलंत. पलीकडे कोण बसतं?"

सीतारामांनी वळून गॅलरीकडे पाहिलं. गॅलरीत नातीसाठी केलेला पांगुळगाडा होता. त्याला अजून दोन चाकं लागायची होती.

कुसुमताईंनी तिथेच अट बदलली. पाटी पास झाली. आता रोज काम संपल्यावर पांढऱ्या रुमालात नाक शिंकरून तो दाखवायचा. आठ दिवसांत रुमाल स्वच्छ आला नाही, तर मशीन माळ्यावर.

सोमवारी चैतालीने येताना मास्क आणला, जाड, दोन रबरी पट्ट्यांचा. मंगळवारी रुमालावर डाग होता. फिकट, पण होता. बुधवारीही होता. तेव्हा तिने मास्कच्या डब्यातला कागद काढून वाचला. मास्क चेहऱ्याला सगळीकडून चिकटून बसला पाहिजे. कडेखाली केस आले, तर तिथून धूळ आत जाते.

दोघींनी सीतारामांकडे पाहिलं. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतही त्या मिशा तशाच होत्या.

"यांना हात लावायचा नाही," सीताराम म्हणाले.

"मी कुठे काय म्हटलं?" कुसुमताई म्हणाल्या. "मशीन की मिशा, तुमचं तुम्ही ठरवा. मला दोन्हींची सवय आहे."

गुरुवारी संध्याकाळी साडेपाच वाजता सीताराम इमारतीखालच्या सलूनच्या बाकावर बसलेले दिसले. त्यांच्या पुढे दोन गिऱ्हाइकं होती. मांडीवर नात होती, आणि तिने मिशीचं डावं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

सहा वाजता त्यांचा नंबर आला. तोपर्यंत तरी तिने ते सोडलं नव्हतं.