बरणीतले तीस दात

"दात ओळखण्यात तुझ्यासारखी पोरगी वीस वर्षांत बघितली नाही," कॉलेज सोडण्याच्या फॉर्मवर सही करता करता सर म्हणाले. "त्या बायोकेमिस्ट्रीनं घात केला बघ."

तिनं पाठ केलेली रेणूंची लांबलचक नावं परीक्षेच्या हॉलमध्ये दर वेळी पुसून जायची. दंतवैद्यकाचं पहिलं वर्ष तीन वर्षांत सुटलं नाही, की घरी जावं लागतं. कालच्या निकालात तिची ती तिन्ही वर्षं संपली होती.

सरांनी तिची बरणी टेबलावर उपडी केली. प्रत्येकानं दवाखाने पालथे घालून रुग्णांचे काढलेले तीस दात जमवायचे, ही त्यांची अट होती. एक जरी कमी असला तरी ते प्रॅक्टिकलला बसू देत नसत. "चांगले तेवढे पुढच्या बॅचला ठेवून घेतो," म्हणत त्यांनी पटाशीचा एक दात उचलला. त्याच्या धारेवर बारीक खाच होती.

"काय नमुना आहे! जन्मभर दातानं दोरा तोडलाय. शिवणकाम करणारं माणूस असणार."

"ब्लाउज शिवते," ती म्हणाली. "तो मला परत द्या, सर. आईचा आहे."

सरांनी दात उजेडात धरून फिरवला. कीड नव्हती. मूळ लांब, धडधाकट होतं.

"हा का काढला?"

"हलत होता, असं ती म्हणाली." तिनं हात पुढे केला. "तेव्हा बरणीत एकोणतीसच भरले होते, सर."