यंदा वटवट्या आला नाही

“सबब, या बागेतून पर्णवटवट्या हा पक्षी कायमचा गेला असून त्याला सर्वस्वी आपलं खातं जबाबदार आहे.” पक्षीकाकांनी अर्जाचा शेवट खणखणीत आवाजात वाचला आणि चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. “कसं वाटतं?”

बागेच्या कचेरीबाहेरच्या बाकावर दोघं साहेबाची वाट बघत बसले होते, आणि त्यांच्या डोक्यावरच्या झाडात तो कायमचा गेलेला वटवट्या मजेत ओरडत होता. चि-वी, चि-वी.

ही आजची गोष्ट नव्हे. आठ दिवस झाले, काकू रोज त्याला ऐकत होत्या. अंगठ्याएवढं हिरवट पाखरू, दिसणार कमी आणि ऐकू येणार जास्त. दरवर्षी सप्टेंबरच्या मध्यावर ते लांबच्या देशातून यायचं आणि काका वहीत तारीख टाकायचे. यंदा तीस तारीख उजाडली तरी पान कोरं. झाडांवर नवे दिवे लावले म्हणून पाखरू पळालं, असा काकांनी निकाल लावून टाकला. घरोघरी फिरून बेचाळीस सह्या आणल्या. सही न देणाऱ्या शेजाऱ्याशी बोलणं टाकलं.

माणसांचं बोलणं काकांना ऐकू यायचं, म्हणून बारीक, उंच आवाज तेवढे त्यांना ऐकू येईनासे झालेत, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण छापखान्यात यंत्रांच्या शेजारी छत्तीस वर्षं काढलेला माणूस. वॉशिंग मशीन पीं-पीं करून दमायचं आणि हे शेजारी पेपर वाचत बसायचे. वाजत नाहीत म्हणून दोन चांगले डिजिटल थर्मामीटर यांनी कचऱ्यात टाकले होते. काकूंनी एकदा कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं, तर म्हणाले, “माझे कान शाबूत आहेत. तूच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस.”

आता या माणसाला सांगायचं तरी कसं? न बघता, नुसत्या आवाजावरून पाखराचं नाव सांगतात, म्हणून सगळा गाव त्यांना मान देत होता. न सांगावं तर आत साहेबासमोर हसं होणार. सांगावं तर एवढी एकच गोष्ट त्यांची स्वतःची होती, तीही आपल्याच हाताने काढून घ्यायची. इकडे आड, तिकडे विहीर.

शिपायाने दार उघडलं. “या काका, साहेब आलेत.”

काका अर्ज सावरत उठले. काकूंनी त्यांची बाही धरली.

“अहो, नका जाऊ. तो आलाय.”

“साहेब ना? मग जायलाच हवं.”

“साहेब नाही हो, वटवट्या. तुमच्या डोक्यावर ओरडतोय.”

काका हसले. “तुला काय कळतं गं पाखरांतलं?”

आता मात्र काकूंचं डोकं फिरलं. “काय कळतं? एकवीस वर्षं दर सप्टेंबरात हातातलं काम टाकायला लावून गच्चीत उभं केलंत मला. ‘ऐक, ऐक’ म्हणून! दूध उतू गेलं तरी सोडलं नाहीत. अहो, दगड असते तरी शिकले असते!”

काकांचं हसू ओसरलं. ते मान तिरकी करून उभे राहिले.

“बसचा हॉर्न ऐकू आला मला,” जरा वेळाने ते म्हणाले. “माळ्याच्या पाइपचं पाणी ऐकू येतंय.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

काकूंनी वर बोट दाखवलं. सुकलेल्या फांदीच्या मागे एक पान हललं. काकांनी गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढली नाही.

“आत्ता बोलला?”

“हो.”

“आत्ता?”

“हो.”

“चोच तर उघडतोय,” ते म्हणाले. “सारखी उघडतोय.”

आपण तोंड शिवून बसलो असतो तर बरं झालं असतं, असं काकूंना वाटलं.

“काका, येताय ना?” शिपायाने विचारलं.

“साहेबांना सांग, तक्रार नाही. चूक माझी होती.” काकांनी अर्जाची घडी खिशात घातली आणि ते पुन्हा बाकावर बसले. मग म्हणाले, “कसा ओरडतोय?”

“नेहमीसारखाच.”

“करून दाखव.”

“इथे? वेड लागलंय का? माणसं बघताहेत.”

“बघू देत.”

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि लाजत लाजत म्हणाल्या, “चि-वी.”

काकांनी डोळे मिटले. “हं. पण जाड झालं गं. बारीक हवं. शेवट वर चढतो त्याचा.”

काकूंनी पुन्हा केलं.

“अजून बारीक.”

पुन्हा केलं.

“जमतंय, जमतंय. अगदी थोडंसंच अजून.”

या खेपेला काकूंनी ओठ आवळले आणि बारीक शीळ घातली. हुबेहूब. झाडातला तो क्षणभर गप्प झाला, आणि मग त्याने चक्क उत्तर दिलं. दारातला शिपाईसुद्धा मान वर करून बघायला लागला.

काका डोळे मिटून, बायकोकडे कान करून तसेच बसले होते.

“कर ना,” ते म्हणाले. “थांबलीस का?”