गाडी डावीकडे ओढते

पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे झाले, तसा त्याचा संशय आणखीच बळावला.

"काका, चाकांची अलाइनमेंट चोख आहे," मशीनवाला म्हणाला. "नवे शॉकअप, नवे लोअर आर्म. ज्याने बसवलेत त्याने मन लावून काम केलंय."

ज्याने बसवले तो त्याचा जावई होता. लेकीने बापाच्या नाकावर टिच्चून या गॅरेजवाल्याशी लग्न केलं, तेव्हापासून तो तिच्या घरी एकदाही गेला नव्हता. गाडी जावयाकडे टाकली तीही बायकोने पिच्छा पुरवला म्हणून. परत आली तेव्हा ती डावीकडे ओढायला लागली होती. त्याला मनातून बरंच वाटलं. मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाचं दुकान शोधून तो लेकीला सोबत घेऊन आला होता. दोष तिच्यादेखत निघाला, की जावयाचा विषय घरात कायमचा बंद.

"तुला माझ्या जावयाचा फोन आला होता का रे?" त्याने विचारलं.

"कोण जावई?" मशीनवाला गोंधळला.

सगळे एका माळेचे मणी, असं पुटपुटत तो गाडीत बसला. लेक शेजारी बसली. पुढे सरळ, रिकामा रस्ता लागला आणि गाडी पुन्हा डावीकडे सरकू लागली.

"बघ, तुझ्या नवऱ्याची करामत."

ती रस्त्याकडे बघतच नव्हती. त्याच्या हातांकडे बघत होती.

"बाबा, स्टिअरिंग जरा सैल सोडा."

"कशाला? खड्ड्यात जायला?"

"सोडून तर बघा."

तिला तोंडघशी पाडावं म्हणूनच त्याने पकड सैल केली. गाडी नाकासमोर चालत राहिली. त्याने पुन्हा घट्ट धरलं, आणि ती पुन्हा डावीकडे गेली.

"इतकी वर्षं ती उजवीकडे ओढायची," लेक हळूच म्हणाली. "तुमचे हात अजून तिला सावरतायत."

त्याला लाज वाटत होती, आणि ती गाडीपुरती नव्हती. बराच वेळ तो स्टिअरिंगला नुसती बोटं टेकवून गाडी चालवत राहिला.

चौक आला. तिथून डावीकडे वळलं की त्याची स्वतःची गल्ली. त्याने वेग कमी केला, पण वळला नाही.

"तुझं घर कुठल्या बाजूला गं?" त्याने विचारलं.