झालरीतलं बाळ

"पांढरं रीळ कुठंय? अगं, पांढरं!" शिंपीणबाई मशीनवरून मान न उचलता ओरडली. "एवढी खालची झालर राहिली आणि दोरा संपला बघ ऐन वेळी!"

नाताळची आदली संध्याकाळ. बाहेर दुकानांची शटरं धडाधड खाली येत होती. बेकरीवाल्याच्या मुलीला चर्चमधल्या नाटकात देवदूत व्हायचं होतं आणि देवदूताचा फ्रॉक अजून एका बाजूनं लोंबत होता. अख्ख्या गल्लीचे नवे कपडे शिवून झाले होते. शिंपीणबाईच्या स्वतःच्या घरात मात्र कागदाची चांदणीसुद्धा टांगलेली नव्हती. सणाला आपल्याच्यानं लेकीसाठी काही म्हणून होत नाही, हे तिला सकाळपासून टोचत होतं. एक गोष्ट तेवढी दरवर्षी चुकत नसे. चर्चला निघण्याआधी लेक नाताळच्या देखाव्यातल्या गव्हाणीत बाळ येशू ठेवायची. ते झालं की त्या घरात नाताळ आला.

काजं-बटणं करायला शिंपीणबाईची धाकटी बहीण आली होती. तीही शिवणकामातलीच. पांढरा दोरा मळू नये म्हणून रीळ फडक्यात गुंडाळून ठेवतात, हे तिला काय कुणी शिकवायला हवं? टेबलावर कात्रीच्या पलीकडे मऊ फडक्यात गुंडाळलेलं रीळ तिला लगेच सापडलं. तिनं फडकं सोडलं आणि रीळ बहिणीच्या हातात दिलं. बहिणीचे डोळे घड्याळावर. तिनं बघितलंही नाही, चढवलं मशीनवर, आणि मशीन सुटलं भन्नाट.

झालर लागली. इस्त्री फिरली. तेवढ्यात बेकरीवाला स्वतःच दारात, भुवयांवर पीठ.

"ताई, देवासारख्या धावून आलात! गावाचे केक करता करता पोरीच्या फ्रॉकचं पार विसरलोच होतो. घरात पाऊल ठेवायची सोय नव्हती मला."

"अहो, आपण दोघं एकाच माळेचे मणी," शिंपीणबाई हसली.

आणि आतून लेक आली. केस विंचरलेले, हात धुतलेले. कोपऱ्यात तिनं दुपारीच गोठा मांडून ठेवला होता. पिवळ्या चिंध्यांचं गवत, एक कान गेलेली गाय, दोन मेंढपाळ. आता ती टेबलाशी आली. फडकं उचललं. फडकं रिकामं होतं.

"आई, बाळ कुठंय?"

शिंपीणबाईनं मशीनकडे पाहिलं. दोऱ्याच्या खुंटीवर नुसती नळी उरली होती. मागे एका नाताळला गव्हाणीतलं प्लास्टरचं बाळ फुटलं, तेव्हा तिनंच एक रीळ फडक्यात गुंडाळून लेकीला दिलं होतं. याला तोंड का नाही, असं लेकीनं विचारलं, तर झोपलंय, तोंडावर पांघरूण आहे, असं तिनंच ठोकून दिलं होतं. तेव्हापासून तेच बाळ.

"बाळ... झालरीला लागलं गं," ती कशीबशी म्हणाली.

"संपवलंत? बाळ संपवलंत तुम्ही?"

मावशीनं तोंडावर हात नेला. "अगं बाई! मला वाटलं, आपलं नेहमीचंच रीळ. थांब हं, निळं गुंडाळून देते."

"ते निळं रीळ आहे. ते बाळ नाही!" लेकीनं भोकांड पसरलं.

बेकरीवाला फ्रॉक हातात धरून नुसता उभा. काय झालंय ते त्याला धड कळलं नव्हतं, पण पोर रडतेय एवढं कळत होतं. शिंपीणबाई उठली. तिच्या हातात कात्री होती.

"उसवते मी. तू म्हणालीस तर आत्ता उसवते," ती लेकीला म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती.

लेक हुंदके देत फ्रॉकपाशी गेली. खालची झालर तिनं उलटी करून पाहिली. बारीक, सरळ, पांढरी टीप. त्या टिपेवरून तिनं बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मग ती काय घालेल?" तिनं नाक ओढत विचारलं.

"नको उसवू," ती म्हणाली. "काका, हळू न्या."

बेकरीवाल्यानं फ्रॉक दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि खरंच हळू नेला.

चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नाटकात बेकरीवाल्याची मुलगी स्टुलावर चढली आणि मेंढपाळांना खणखणीत आवाजात म्हणाली, "बाळ गोठ्यात आहे! पळा, बघून या!"

लेक आईच्या कानाशी लागली. "तिला माहीतच नाही गं."

शिंपीणबाईला हसू आलं आणि डोळेही भरले. दरवर्षी हात जोडले की तिचं मागणं सुरू व्हायचं: थोडी उसंत दे, पाठ दुखायची थांबव, लेकीसाठी वेळ दे. आज तिनं हात जोडले आणि काही मागायचं सुचलंच नाही. ही पोर दिलीस, बाबा, फार दिलंस, एवढंच ती पुटपुटली.

नाटक संपलं. प्रार्थनेसाठी मुलं पायरीवर बसू लागली. बेकरीवाल्याची मुलगीही टेकणार, तोच शिंपीणबाईच्या शेजारची जागा रिकामी झाली. लेक तरातरा पुढे पोचली होती.

"ए, बसू नकोस! बाळ चुरगळेल!"

"कुठलं बाळ?"

लेकीनं खालच्या झालरीला बोट लावलं.

बेकरीवाल्याच्या मुलीनं वाकून पाहिलं. मग दोन्ही हातांनी झालर उचलून धरली, आणि प्रार्थना संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.