अर्धा मार्क

शमीम सिस्टरनं बाळाला वजनकाट्यावर ठेवलं, तसे तिरोडकर सर दारातच थबकले. लेकीची ही पोर सातमाशी जन्मलेली. "पूर्ण दोन किलो भरली की खुशाल घरी न्या," असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. पण काटा आपला रोज दोनच्या अलीकडेच घुटमळायचा.

पृथ्वी दर किलोला नऊ पॉइंट आठ न्यूटननं ओढते, हे सरांनी जन्मभर शाळेत शिकवलं. वजन किलोत लिहिणाऱ्याचा किंवा एकक विसरणाऱ्याचा अर्धा मार्क त्यांनी हटकून कापला. शाळेत असताना शमीमचाही कापला होता. आज मात्र त्यांना एवढंच वाटत होतं, की पृथ्वीनं या चिमुरडीला जरा जोरात ओढावं.

"शमीम, किती गं?"

"एकोणीस पॉइंट सहा."

सर चक्रावले. "एकोणीस काय? एकक सांग, एकक!"

"न्यूटन, सर." शमीम काटा अंगाआड करून हसत होती. "तुम्ही शिकवलंत तसंच सांगितलं."

सरांचे ओठ हलले. एकोणीस पॉइंट सहा भागिले नऊ पॉइंट आठ... उत्तर आलं आणि त्यांचा चष्माच धूसर झाला. त्यांनी घाईघाईनं घरी बायकोला फोन लावला.

"अगं, माळ्यावरचा पाळणा खाली काढ! दोन भरले, दोन!"

बाळाला दुपट्यात गुंडाळता गुंडाळता शमीम म्हणाली, "सर, एकक राहिलं. अर्धा मार्क गेला."