माठातलं पिल्लू

यंत्रमागात गेलेल्या दोन बोटांपैकी एक आक्काताईंना परत फुटलं होतं. त्यासाठी ज्याचा पाय कापून अर्क काढला, ते पाण्यात राहणारं, पालीसारखं दिसणारं अ‍ॅक्सोलॉटलचं पिल्लू आता त्यांच्या माठात होतं. दवाखान्याने ते त्यांच्याकडेच सांभाळायला दिलं होतं; सोबत दिलेल्या झगझगीत टाकीत ते शेपटीचं टोक वळवून बसायचं, खायचंच नाही. आक्काताईंनी माठाला ओलं गोणपाट गुंडाळून त्याला गारव्यात, अंधारात ठेवलं. चार दिवसांनी आज त्याने पहिलं गांडूळ गिळलं.

तेवढ्यात दवाखान्याचा माणूस, हुक्केरी, कात्री घेऊन आला.

“आज दुसरा पाय कापायचाय, मावशी. त्याला परत फुटतोच की.”

“फुटतोय म्हणून दुखत न्हाई व्हय रं?”

“मग तुमचं दुसरं बोट येणार नाही. मागावर गाठ कशी मारणार?”

आक्काताईंनी कमरेला खोचलेलं तुटकं सूत काढलं, त्याच हाताच्या चार बोटांनी हुक्केरीच्या डोळ्यांसमोर गाठ मारली आणि ताणून दाखवली. गाठ सुटली नाही.

“कात्री आणलीयास न्हवं?” त्या म्हणाल्या. “मग ह्या सुताची टोकं काप आन् चालता हो.”