घडीचं स्टूल

चर्चमधलं कुणी आजारी पडलं की बायको घडीचं स्टूल काखोटीला मारून निघायची. "खाटेजवळ खुर्ची एकच असते, अहो. ती घरच्या माणसाची." तिथे उपदेश नाही, काही नाही, नुसती सोबत बसायची. बोलायचं ते प्रभू बोलेल, म्हणायची. "बसायचंच तर घरी बस की!" मी टोमणा मारायचो. आता हॉस्पिटलच्या खाटेवर तीच आहे. अर्धं अंग गेलंय, वाचा गेलीय, डॉक्टरांनीही आशा सोडलीय. ज्यांच्याजवळ ती बसली होती, ते सगळे आले, प्रार्थना करून, रडून गेले. उरलो मी आणि ते स्टूल. मी खुर्ची पुढे ओढली, तर तिचे डोळे माझ्यावर नाहीतच; स्टूलवर, मग शेजारच्या खाटेवर. तिथला म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं. "मी तुला सोडून कुठेही जाणार नाही," मी म्हणालो. डोळे पुन्हा स्टूलवर. आयुष्यभर तिचंच चाललं, आजही तिचंच. मी स्टूल त्याच्याजवळ उघडलं. दोन खाटांमधली जागा एवढीशी, की बसल्यावर माझी पाठ तिच्याकडे झाली. "काका, काय बोलायचं असतं, मला येत नाही हो," मी पुटपुटलो. "मग नका बोलू," म्हातारा भिंतीशीच म्हणाला, आणि मागे हात लांबवून त्याने माझी बोटं घट्ट धरली. माझ्यामागे तिच्या दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. मला वळायचं होतं. म्हातारा हात सोडेना.